सरकारी प्राथमिक शाळा चांगली आहे की नाही, हे ओळखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल पहिलीत घालायची वेळ आली, की प्रत्येकाकडे शाळांबद्दल एक ठाम मत असतं आणि ते बहुधा ऐकीव असतं. पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे संशोधनाचा आधार आहे तिथे तो दिला आहे. बाकी ठिकाणी माझं मत आहे, आणि ते मत म्हणूनच वाचावं.

शाळेचा निकाल उत्तम लागतो. मग शाळाही उत्तम, असं समजायला काय हरकत आहे?

निकालावरून मुलं आज कुठे आहेत ते कळतं. ती तिथवर शाळेमुळे पोचली की घरामुळे, हे त्यातून कळत नाही. ज्या घरात पुस्तकं आहेत, झोपताना कुणीतरी गोष्ट वाचून दाखवतं, अडलं तर शिकवणी लावायची ऐपत आहे, त्या घरातलं मूल शाळेच्या पहिल्याच दिवशी बरंच पुढे असतं. अशी मुलं एका शाळेत गोळा झाली, की वर्गात फारसं काही न घडताही निकाल झळकतो.

अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली एक अवाढव्य पाहणी झाली. त्यात सुमारे ६ लाख विद्यार्थी होते. शाळाशाळांमधल्या सोयीसुविधांच्या फरकापेक्षा मुलांच्या घरच्या परिस्थितीचा गुणांशी कितीतरी घट्ट संबंध आहे, असं त्यातून दिसलं. काहींनी लगेच ‘म्हणजे शाळेनं काही फरक पडत नाही’ असा अर्थ काढला. तो चुकीचा होता. प्रयोगशाळा आणि ग्रंथालयं मोजता येतात. एकाच शाळेतले शेजारशेजारचे दोन वर्ग किती वेगळे असतात, ते अशा मोजदादीत सापडत नाही. पुढच्या काळातल्या संशोधनानं नेमका तोच फरक उजेडात आणला.

मग निकालाऐवजी बघायचं काय?

मुलं कुठून निघाली आणि कुठवर आली, हे. या पानावरची बाकीची सगळी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

शिकागोच्या सरकारी शाळांचं उदाहरण बोलकं आहे. २००९ ते २०१४ या काळातल्या तिथल्या मुलांच्या गुणांचा अभ्यास शॉन रीअर्डन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेनं २०१७ मध्ये मांडला. तिसरीत ही मुलं देशाच्या सरासरीच्या बरीच मागे होती. पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत त्यांनी साधारण सहा वर्षांइतकी मजल मारली. सरासरी गुणांची यादी लावली तर या शाळा खाली दिसतात, आणि प्रगतीची यादी लावली तर देशातल्या बहुतेक ठिकाणच्या शाळांना मागे टाकतात. नुसते गुण पाहणारा पालक तिथून तोंड फिरवून गेला असता.

तुमच्या शाळेची अशी आकडेवारी तयार मिळेलच असं नाही. तेव्हा मुख्याध्यापकांना सरळ विचारा: ‘गेल्या वर्षी पहिलीत अक्षरओळख नसलेली किती मुलं आली आणि त्यांतली किती आज वाचतात?’ ज्यांचं या मुलांकडे लक्ष असतं ते थोडा विचार करतात आणि मग एकेका मुलाबद्दल बोलायला लागतात. ज्यांचं नसतं ते स्नेहसंमेलनाचा अल्बम पुढे करतात.

एका वर्षाचा निकाल पुरेसा आहे का?

नाही, आणि लहान शाळेत तर मुळीच नाही. वीस मुलांच्या वर्गात दोन हुशार मुलं आली किंवा परीक्षेच्या दिवशी तिघं आजारी पडली, की सरासरी हलते. टॉमस केन आणि डग्लस स्टायगर यांनी २००२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शाळांचे आकडे तपासून दाखवलं, की कमी पटाच्या शाळा यादीच्या दोन्ही टोकांना जरा जास्तच आढळतात. त्या फार चांगल्या किंवा फार वाईट असतात म्हणून नव्हे. थोड्या मुलांची सरासरी नशिबावर झुलते म्हणून. किमान तीन वर्षांचे आकडे एकत्र बघा.

सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण असतील तर शंका घ्यावी का?

थोडी घ्यावी. मोजमापावर नोकरी किंवा बक्षीस टांगलं, की ते मोजमापच बिघडायला लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी हे १९७० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. अटलांटात त्याचं टोक दिसलं. २०११ च्या सरकारी चौकशीत तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांमध्ये उत्तरपत्रिकांत गैरप्रकार झाल्याचं आढळलं. गुण वाढवण्याचा दबाव वरून होता आणि उत्तरं खोडून बदलणारे हात शिक्षकांचे होते.

इतकं उघड क्वचितच घडतं. जास्त आढळतो तो सभ्य प्रकार: परीक्षेला जे येतं तेवढंच शिकवायचं. वेळापत्रकात परिसर अभ्यास, चित्रकला आणि खेळाचे तास छापलेले असतात, पण प्रत्यक्षात ते भाषा-गणिताच्या सरावात जातात. मुलांनाच विचारा, ‘खेळाचा तास शेवटचा कधी झाला?’ मुलं हे बरोबर लक्षात ठेवतात.

शाळा बघायला जायचं तर कधी जावं आणि नेमकं काय बघावं?

कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका. साधा दिवस निवडा, परवानगी काढा आणि एका वर्गात मागे बसून अर्धा तास काढा. मधल्या सुट्टीनंतरचा तास सर्वांत खरा असतो. मुलं आणि बाई दोघंही थकलेली असतात.

फळ्याकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघा. पहिल्या दोन बाकांवरची मुलं कुठल्याही शाळेत हात वर करतात. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरचं मूल काय करतंय? त्याला या अर्ध्या तासात एकदा तरी काही विचारलं गेलं का? विचारलं आणि ते चुकलं, तर पुढे काय झालं? ‘बस खाली, तू सांग रे’ असं झालं, की तो तास त्या मुलापुरता संपला. चांगले शिक्षक चुकलेल्या मुलाला ‘तुला असं का वाटलं?’ म्हणतात, आणि दुसऱ्याचं उत्तर ऐकून झाल्यावर परत त्याच्याकडे येतात.

आणखी एक गोष्ट मनातल्या मनात मोजून बघा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात? मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून हे मोजलं होतं. शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबत आणि मग दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकत. थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंदांची शांतता वर्गात बसून अनुभवली तर बरीच मोठी वाटते. ती ज्यांना सहन होते, त्यांचा आपल्या मुलांवर विश्वास असतो असं मी समजतो.

वह्या बघायला मागितल्या तर चालतं का?

चालतं, आणि जरूर मागा. फक्त शाळा दाखवेल त्या वह्या घेऊ नका. गठ्ठ्यातल्या मधल्या तीन-चार काढा.

समजा पाऊस या विषयावर निबंध आहे. चारही वह्यांत पहिलं वाक्य तेच, शेवट तोच, आणि एका शब्दाचं चुकलेलं ऱ्हस्व-दीर्घही तेच. म्हणजे निबंध फळ्यावरून उतरवलेला आहे. अक्षर मोत्यासारखं आहे आणि लेखन एकाही मुलाचं नाही. याउलट खाडाखोड केलेली, वाक्यं अर्धवट सुटलेली, पण ‘पावसात आमचं छप्पर वाजतं’ असं स्वतःचं काहीतरी सांगणारी वही दिसली, तर त्या वर्गात लेखन शिकवलं जातंय.

गणिताची वही त्याहून जास्त सांगते. ५२ वजा २७ बरोबर ३५, असं उत्तर दिसेल. मुलानं एककांत सातातून दोन काढले, कारण दोनातून सात जात नाहीत, आणि मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच त्याला ठाऊक आहे. ही निष्काळजी चूक नव्हे; त्याचा तो पक्का नियम आहे. पुढच्या पानावर ६३ वजा ४८ बरोबर २५ असेल, तेही त्याच नियमानं. आता शिक्षकांनी काय केलंय ते बघा. दोन्हीकडे लाल फुली आणि खाली सही असेल, तर वही तपासली गेली पण मूल तिथेच राहिलं. शेजारी दशकाची सुटी मांडणी काढून दाखवलेली असेल, आणि दोन-तीन दिवसांनंतरच्या पानावर तसलीच वजाबाकी बरोबर आलेली असेल, तर या शाळेबद्दल आणखी फारसं काही विचारायची गरज नाही.

‘छान’, ‘उत्तम’ आणि ताऱ्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात ज्या मुलांना फक्त कामाबद्दलचा अभिप्राय मिळाला त्यांची कामगिरी सुधारली. अभिप्रायासोबत गुणही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. गुण दिसले, की मूल पुढचं वाचतच नाही. मोठी माणसं तरी कुठे वाचतात!

शाळेत मुलांना खरंच वाचता येतं का, हे पाच मिनिटांत कसं कळेल?

पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला देऊ नका. तो पाठ असू शकतो. मुलाच्या वयाचं पण त्यानं न पाहिलेलं गोष्टीचं पुस्तक द्या. एक पान मोठ्यानं वाचू द्या आणि मग ‘काय झालं गोष्टीत?’ असं विचारा.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलं, की वाचन म्हणजे अक्षरं सोडवता येणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार. बेरीज नव्हे. एक बाजू शून्य असली तर उत्तर शून्यच. घडाघडा वाचूनही गोष्ट न सांगता येणारं मूल आणि गोष्ट ऐकून सगळं सांगणारं पण अक्षरावर अडखळणारं मूल, दोघांचीही अडचण खरी आहे आणि दोघांना लागणारी मदत वेगळी आहे. शाळेला हा फरक माहीत आहे का, ते शिक्षकांशी बोलताना लगेच कळतं.

यातली समज फक्त भाषेच्या तासाला वाढत नाही. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये मुलांना बेसबॉलच्या सामन्याबद्दलचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं तो उतारा खेळ माहीत नसलेल्या पक्क्या वाचकांपेक्षा चांगला समजली. म्हणूनच विज्ञान-इतिहासाचा तास कापून वाचनाचा सराव करून घेणारी शाळा पुढच्या इयत्तांमधल्या वाचनाचंच नुकसान करत असते.

एका वर्गात किती मुलं असावीत?

कमी असलेली बरी, विशेषतः पहिल्या दोन-तीन इयत्तांत. टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग चालला. मुलं आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे वर्गांत वाटले गेले. काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ चे. लहान वर्गांतली मुलं वाचन आणि गणितात पुढे राहिली, आणि गरीब घरांतल्या मुलांना फायदा जास्त झाला.

पण कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये सगळीकडे एकदम वर्ग लहान करायला घेतले, तेव्हा रातोरात हजारो नवे शिक्षक लागले आणि त्यांतल्या अनेकांचं प्रशिक्षणही पूर्ण नव्हतं. त्यामुळे पटाचा आकडा बघा, पण फळ्यासमोर कोण उभं आहे ते बघितल्याशिवाय त्याला भुलू नका.

इमारत, संगणक, डिजिटल फळा यांना किती महत्त्व द्यावं?

पाणी, वापरता येण्याजोगी स्वच्छतागृहं आणि पुरेसा उजेड यांना पूर्ण महत्त्व द्या. स्वच्छतागृहाला कुलूप आहे का, ते स्वतः जाऊन बघा. बाकीच्या चकचकाटाला फार नको. पेरूमध्ये सरकारी शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले. त्यानंतरच्या अभ्यासात भाषा आणि गणितात काही फरक आढळला नाही.

केनियातला अनुभव तर पुस्तकांचा आहे. तिथे फुकट पाठ्यपुस्तकं दिल्यावर सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि ती बहुतेक मुलांची तिसरी भाषा होती. वस्तू आली एवढ्यावर समाधान मानू नका. ती कोणाच्या हातात पडते आणि त्याला ती कळते का, ते विचारा. कपाटात कुलूपबंद असलेलं सुंदर ग्रंथालय मी मोजत नाही.

शिक्षकांच्या पदव्या विचाराव्यात का?

आवश्यक पात्रता आहे ना, एवढं पुरे. वरच्या पदव्यांचा मुलांच्या शिकण्याशी फारसा संबंध दिसलेला नाही. अनुभवाचा दिसतो, पण त्यातली सर्वांत मोठी वाढ पहिल्या काही वर्षांतच होते. म्हणून विचारायचं ते हे: शिक्षक इथे टिकतात का? दर वर्षी निम्मा कर्मचारीवर्ग बदलणाऱ्या शाळेत दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात होते. बदल्या शाळेच्या हातात नसल्या, तर नव्या शिक्षकाला जुन्याकडून मुलांची माहिती कशी पोचते, ते विचारा.

आणि हजेरी. बांगलादेश, इक्वेडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या सहा देशांतल्या प्राथमिक शाळांना न कळवता दिलेल्या भेटींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी १९ टक्के शिक्षक जागेवर नव्हते. भारतात हे प्रमाण २५ टक्के होतं. गैरहजर शिक्षकाचा वर्ग त्या दिवशी कोण घेतं, या प्रश्नाचं उत्तर ‘बघतो आम्ही’ असं आलं, तर बहुधा कुणीच घेत नाही.

मुलांच्या हजेरीवरून काही कळतं का?

बरंच. सरासरी हजेरी ९३ टक्के आहे असं सांगितलं, की ऐकायला छान वाटतं. पण त्यात वर्गातली पाच-सहा मुलं महिनोन्‌महिने अधूनमधूनच येत असतील आणि बाकीची रोज, हे लपून जातं. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस चुकवणारी मुलं किती, हा प्रश्न अधिक कामाचा आहे. १८० दिवसांच्या वर्षात तो आकडा १८ दिवसांचा होतो. मूल सलग तीन दिवस आलं नाही तर घरी कोण चौकशी करतं, तेही विचारा.

वर्ग शांत असणं चांगलं की गोंगाटाचा?

आवाजाच्या पातळीवरून काही ठरवू नका. बाई वर्गाबाहेर गेल्यावर दोन मिनिटांत काय होतं, त्यावरून ठरवा.

गृहपाठ भरपूर देणारी शाळा जास्त गंभीर, असं आहे का?

प्राथमिक इयत्तांत नाही. हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा या वयात गृहपाठ आणि गुण यांचा संबंध अगदी क्षीण दिसला. रोजचं थोडं वाचन पुरेसं आहे. रात्री आईच पूर्ण करते तो प्रकल्प कोणाच्या शिकण्यासाठी असतो, हे मला कधीच कळलेलं नाही.

खासगी शाळा सरकारीपेक्षा चांगल्याच असतात ना?

वरवर बघितलं तर गुण तसं सांगतात. पण अनेक देशांत एकाच वेळी घेतल्या जाणाऱ्या पिसा या चाचणीच्या २०१८ च्या फेरीत विद्यार्थ्यांची आणि शाळांची आर्थिक-सामाजिक पार्श्वभूमी जमेस धरल्यावर चित्र पालटलं: सधन देशांच्या ओईसीडी या संघटनेतल्या देशांच्या सरासरीत सरकारी शाळांतली मुलं वाचनात पुढे निघाली. ही चाचणी पंधरा वर्षांच्या मुलांची असते, तेव्हा ती जशीच्या तशी पहिलीला लावू नये. तरीही फीच्या आकड्यावरून शिकवण्याचा दर्जा ठरवणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं.

माझ्या मुलाला शिकताना अडचण येते. शाळा त्याला सांभाळेल का, हे आधी कसं कळेल?

तुमच्या मुलाबद्दल आधी काहीच बोलू नका. ‘तुमच्याकडे मागे पडलेल्या मुलांसाठी काय करता?’ एवढंच विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. ‘आमच्याकडे अशी मुलं नाहीत’ हे उत्तर मिळालं, तर निघा. अशी मुलं प्रत्येक शाळेत असतात. ‘पालकांनी घरी लक्ष द्यायला हवं’ एवढंच म्हटलं गेलं, तरी समजायचं ते समजा. कोण, कोणत्या वेळी, किती मुलांना बाजूला घेऊन बसतं, आणि उपयोग झाला की नाही हे कधी बघतं, इतक्या तपशिलात कुणी बोललं, तर तिथे खरंच काहीतरी चालू आहे.

इतर पालकांच्या मतावर किती विसंबावं?

ज्यांची मुलं आज तिथे शिकतात त्यांच्याच मतावर. त्यातही ‘शाळा कशी आहे?’ असं विचारू नका, कारण ‘छान आहे’ याच्यापुढे काही मिळत नाही. ‘शेवटची तक्रार काय होती आणि तिचं काय झालं?’ हे विचारा.

शाळा मध्यमच आहे आणि दुसरा पर्याय नाही. आता?

एकाच शाळेतल्या दोन शिक्षकांच्या वर्गांत मुलांची प्रगती जितकी वेगळी असते, तितका फरक दोन शाळांच्या सरासरीत सहसा नसतो. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ यांच्या २०१४ च्या संशोधनात असंही दिसलं, की मुलांची जास्त प्रगती घडवणाऱ्या शिक्षकांकडे शिकलेली मुलं पुढे कॉलेजात जाण्याचं आणि मोठेपणी जास्त कमावण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे ‘कोणती शाळा’ याइतकाच ‘कोणता वर्ग’ हा प्रश्न मोलाचा आहे. पहिली-दुसरीला कोण शिकवतं त्याची चौकशी करा. तुकडी निवडता आली तर निवडा.

वर्गशिक्षकांशी बोलताना ‘माझ्या मुलाकडे लक्ष द्या’ असं मोघम सांगू नका. ‘त्याला हातच्याची वजाबाकी जमत नाही, इथे अडतो’ म्हणून वही उघडून दाखवा. पालकसभेत भिंती रंगवण्यावर तासभर चर्चा होते. त्यातली दहा मिनिटं मागून घेऊन वर्गातल्या वाचनाची स्थिती सांगायला लावा आणि ती इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या सभेत मग तेच पान उघडता येतं.

शाळा बदलायचीच झाली तर कधी बदलावी?

शक्यतो वर्ष संपल्यावर. मध्येच बदललं, की झालेले धडे परत होतात, न झालेले राहून जातात आणि मित्रही तुटतात. मात्र मूल शाळेत जायला घाबरत असेल, मारहाण किंवा अपमान होत असेल आणि सांगूनही काही बदललं नसेल, तर वर्षअखेरीची वाट बघू नका.